बोटीतले किलोमीटर

१

सोमवारी सकाळी बोर्ली पंचतनच्या सुपारी सोसायटीत चोरी उघडकीला आली, तेव्हा नेमकं काय चोरीला गेलं हेच आधी कुणाला कळेना. सुपारीची पोती जागच्या जागी होती. तिजोरी बंद होती. ती गंजल्यापासून बंदच असते. आणि स्कूटर तर समोर नारळाखाली उभी होती. फक्त हँडलच्या मधोमध, जिथे वेग आणि किलोमीटर दिसतात, तिथे मोठं भोक पडलं होतं आणि त्या भोकावर दुधाची धुतलेली पिशवी घट्ट बांधलेली होती.

"आयला, स्कूटरचा डोला काढला!" वसुलीचा जीवन म्हणाला.

स्कूटर आश्लेषाची. आश्लेषा चौलची. वर्षभरापूर्वी सुपारीची प्रत तपासायच्या नोकरीवर लागली होती आणि येत्या महिन्यात कायम व्हायची होती. शनिवारी दुपारी ती एसटीने घरी गेली होती आणि आत्ताच, खांद्यावरची बॅग न उतरवता, त्या भोकासमोर उभी होती.

शेजारी माणगावचा सीए स्वप्निल उभा होता. तो आला होता तो नेमका मीटर बघायलाच. सोसायटीची माणसं आपापल्या गाड्यांवरून फिरतात आणि सोसायटी त्यांना किलोमीटरचे पैसे देते. आयकर खात्याची नोटीस आली होती: हे पैसे खरोखर कामाच्या फिरण्याचे आहेत हे दाखवा, नाहीतर हा सगळा पगारच धरू, त्यावर कर लावू, आणि तो वेळेवर कापला नाही म्हणून सोसायटीकडून व्याजही घेऊ.

"नेमका हिचाच मीटर जातो," अध्यक्ष बाबाजी म्हणाले. त्यांची तीन वाड्यांची सुपारी सोसायटीत येते, त्यामुळे त्यांचं मत सहसा ठराव म्हणूनच लिहून घेतात. "आपलं पाप झाकायला आपणच काढलान. सरळ आहे."

"मी चौलला होते," आश्लेषा म्हणाली.

"म्हणूनच तर! संशय नको म्हणून गेलीस."

 तिने इकडेतिकडे पाहिलं. व्यवस्थापक अजेय फायलीत बघत होता. जीवन चपलेकडे बघत होता. सगळ्यात जुने पर्यवेक्षक हरेश्वर नारळाच्या शेंड्याकडे बघत म्हणाले, "पोरीला बसायला खुर्ची द्या कुणीतरी." पण ते स्वतः जागचे हलले नाहीत.

"पाच वाजता कमिटी," बाबाजी म्हणाले. "हिची नेमणूक रद्द. खात्याला कळवू, लबाडी एका मुलीची होती, तिला काढून टाकलं. विषय संपला."

विषय खरोखरच संपला असता. पण स्वप्निल म्हणाला, "लेखी काय पुरावा देऊ?" आणि बाबाजींना पुरावा आणण्यासाठी तात्यांना बोलवावं लागलं.

२

तात्या आयकर खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि आता गावात लोकांना रिटर्न भरायला मदत करत. त्यामुळे गावातल्या प्रत्येकाबद्दल त्यांना थोडं जास्तच माहीत होतं आणि लग्नकार्यात त्यांच्या शेजारी बसायला कुणी फारसं उत्सुक नसे. ते रिक्षाने आले. सोबत बायको कुमुदताई होत्या, कारण तात्यांना एकटं सोडलं की ते वाटेत भजी खातात.

त्यांनी आधी स्कूटरभोवती फेरी मारली. पिशवीची गाठ पाहिली, ती सोडली, आतल्या वायरी पाहिल्या. एकही तुटलेली नव्हती. जोड हलक्या हाताने सोडवलेले होते. तात्यांनी पिशवी पुन्हा होती तशी बांधली.

मग त्यांनी सोसायटीचं कपबशा ठेवायचं खोलीवजा काहीतरी होतं ते ताब्यात घेतलं आणि आश्लेषाला आत बोलावलं.

"ही गाडी खाजगी कामाला किती फिरते?"

"फिरतच नाही, तात्या. नोकरी लागली तेव्हाच कोरी घेतली. माझी खोली सोसायटीच्या मागे. घरी जाते एसटीने. चौलपर्यंत स्कूटरने गेले तर आई काळजीने दारातच उभी राहील."

"आणि चावी?"

"ऑफिसात खिळ्याला. आमच्याकडे सगळे तसंच करतात. नारळाखालून गाडी हलवावी लागली तर? झाप पडतात ना."

"मुरूडच्या खरेदी केंद्रावर आठवड्यातून जातेस. कुठल्या रस्त्याने?"

 आश्लेषाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"दिघीहून," ती शेवटी म्हणाली. "जंगलजेट्टीने. गाडी बोटीत घालायची, आगरदांड्याला उतरवायची."

"आणि पैसे?"

"वळशाचे."

"म्हणजे?"

"म्हणजे म्हसळा, तळा करत खाडीला पूर्ण वळसा घालून गेल्यासारखे. पहिल्या महिन्यात मी खरे किलोमीटर लिहिले होते. अजेयसर म्हणाले, अगं, इथे सगळे वळसा धरतात, तू एकटी वेगळं लिहिलंस तर बाकीच्यांचं काय दिसेल? मग मीपण..." तिने वाक्य तिथेच टाकलं. "सह्या माझ्याच आहेत."

तात्यांनी मान हलवली. एवढी वर्षं नोकरी करूनही त्यांना एक गोष्ट कधी जमली नव्हती: कुणी खरं बोललं की त्याच्याकडे बघणं.

"बाहेर कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

"बाहेर सगळ्यांना सांगून झालंय. मघाशी बाजारातला एकजण येऊन विचारून गेला, मीटर कितीला विकलास."

३

पुढचा जीवन. डोंगराकडच्या भातवाल्या गावातला, थकबाकी वसूल करणारा, स्वतःच्या मोटरसायकलवर फार प्रेम असलेला.

तात्यांनी चोरीचं नावही काढलं नाही. "जीवन, आगरदांड्याच्या धक्क्यावर वडे मिळायचे. अजून मिळतात काय रे?"

"मिलतात काय! गेल्या मंगलवारीच खाल्ले. पन तात्या, बोट लागली की लगेच घ्यायचे. मागनं गेलं की गार व्हतात."

"बोटीतून गेला होतास?"

"मंग काय पोहत?"

"पण पैसे तर वळशाचे घेतलेस."

जीवनचा चेहरा हळूहळू उतरला. वड्याने घात केला हे त्याला कळायला थोडा वेळ लागला.

"समदेच घेत्यात," तो म्हणाला. "पूर्वी बोटीत गाडी जात न्हवती, तवा वलसाच घालायला लागायचा. मंग बोट झाली. कुनी वलसा बंद कर म्हनला न्हाय. आपन कसं म्हनायचं? पर्तेक महिन्याला जीभ चावायचो, तात्या, आईशपथ. मंग पैसं आलं की जीभ बरी व्हायची."

"तुझी गाडी बघू."

जीवनच्या मोटरसायकलचा मीटर गेल्या कुठल्यातरी शिमग्याला बंद पडला होता, तो बंदच होता. आकडे धुळीच्या मागे स्थिर बसले होते.

"मीटर तपासणार हे तुला कधी कळलं?"

"आज सकाली. ह्यो माणगाववाला उतरला तवाच. आधी कललं असतं तर मेव्हन्याची गाडी आनली नसती का? बंद मीटर घेऊन कशाला आलो असतो, तोंड काला करून घ्यायला?"

तात्यांना हे पटलं. लबाड माणूस आळशी असू शकतो, पण असा तयारीवाचून येत नाही.

म्हणजे चोराला आधीपासून माहीत होतं. आणि माहीत कुणाला असेल, तर स्वप्निलने येण्याआधी ज्याला फोन केला त्याला.

४

अजेय आत आला तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. तो व्यवस्थापक होता आणि "सदर प्रवास कार्यालयीन कामासाठीच झाला आहे" या दाखल्याखाली दर महिन्याला त्याचीच सही असे.

"तुला कायदा कळतो?" तात्यांनी विचारलं.

"थोडाफार."

"थोडाच आहे तो. सोसायटीच्या कामाला आपली गाडी झिजवली, पेट्रोल जाळलं, आणि सोसायटीने तेवढं भरून दिलं, तर ते उत्पन्न नव्हे. खिशातून गेलं, खिशात आलं. नोंद नीट ठेव, तुझा दाखला जोड, सरकार हात लावत नाही. पण गाडी बोटीत निवांत उभी आणि किलोमीटर म्हसळा-तळ्याच्या घाटात पळतायत, तर त्या किलोमीटरांचे पैसे म्हणजे पगार. पगार म्हटला की कर. आणि वर तुझी सही म्हणते, हे कामासाठीच."

अजेयने चेहरा रुमालात घातला.

"मी आलो तेव्हा हे चालूच होतं, तात्या. मी बंद केलं असतं तर म्हणाले असते, नवा आला आणि लोकांच्या पोटावर पाय दिलान. कमिटीवालेसुद्धा बैठकीला येतात ते वळशाने. बाबाजींचं घर इथून दिसतं."

"तेही वळशाने येतात?"

"ते कसे कोण जाणे. पण येतात."

तात्यांनी खोकला आल्यासारखं करून तोंड फिरवलं.

"मीटर बघणार हे स्वप्निलने तुला कधी सांगितलं?"

"शनिवारी संध्याकाळी, फोनवर. मी कुणालाही बोललो नाही. बोललो असतो तर जीवन सोमवारी आजारी पडला असता."

"कुणालाही नाही?"

अजेयने रुमाल खाली घेतला.

"रजेच्या अर्जावर सही घ्यायला हरेश्वरकाका आले होते. मी घाबरलो होतो. सोमवारी मीटर बघणार आहेत म्हणालो आणि विचारलं, काका, आश्लेषाची गाडी खाजगीत फिरते का हो? ते म्हणाले, कधीच नाही. आणि मग ते अर्ज टेबलावरच विसरून गेले."

५

कुमुदताईंनी डब्यात आणलेली भाकरी आणि वालाचं बिरडं खाता खाता तात्यांनी कोडं उलगडून दाखवलं. खूश होते.

"सगळे म्हणतात, मीटर काढला म्हणजे मीटरमध्ये लबाडी होती. उलट आहे. सोसायटीतला तेवढा एकच मीटर खरा होता! बाकीच्या गाड्या बाजाराला जातात, सासुरवाडीला जातात, बंद पडतात. त्यांच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. हिची गाडी कोरी घेतलेली, कामाशिवाय हललेली नाही. मीटरवर जेवढे किलोमीटर तेवढेच कामाचे. तो आकडा आणि घेतलेले पैसे शेजारी ठेवले की वळसा उघडा. म्हणून चोर चुकीचा मीटर लपवत नव्हता, बरोबर मोजणारा लपवत होता."

"मग कोण? अजेय?"

"अजेयकडे ऑफिसची किल्ली आहे, आत खिळ्याला स्कूटरची चावी आहे. त्याने अख्खी गाडी गॅरेजात नेऊन ठेवली असती. 'दुरुस्तीला गेलीय' म्हटलं की झालं. आश्लेषाचंही तेच, तिची तर स्वतःचीच गाडी. नुसता मीटर कोण काढेल? ज्याला गाडी हलवता येत नाही तो. शनिवारपासून ठाऊक होतं, ऑफिसची किल्ली नाही, आणि वायर न तोडता जोड सोडवता येतात. हरेश्वरच्या वाडीतले पंप कोण दुरुस्त करतं? हरेश्वर. झालं की नाही?"

कुमुदताईंनी डब्याचं झाकण लावलं.

"झालं. तुमचं कोडं सुटलं. ती मुलगी सकाळपासून कठड्यावर बसलीये. तिला जेवलीस का विचारलंत?"

तात्यांचा घास हातातच राहिला. उरलेली भाकरी कुमुदताई बाहेर घेऊन गेल्या, आणि कपबशांच्या खोलीत तात्या एकटेच, आपली हुशारी समोर घेऊन बसून राहिले.

मग ते उठले आणि हरेश्वरच्या वाडीकडे चालू लागले.

हरेश्वर 'पित्त झालंय' सांगून सकाळीच घरी गेले होते. ते पाटाच्या कडेला बसले होते, पंप बंद होता आणि पाणी कधीच ओसरलं होतं.

तात्या शेजारी टेकले. गावची, सुपारीच्या भावाची दोन वाक्यं झाली. मग त्याच आवाजात तात्यांनी विचारलं, "पिशवी कशाला बांधलीस रे?"

"खारं वारं लागतं. वायरी हिरव्या पडतात," हरेश्वर म्हणाले.

आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते.

 वरून एक पिकली सुपारी पडली.

"परत बसवणार होतो," हरेश्वर म्हणाले. "तो माणगावचा आला, बघून गेला, की दुपारी बसवणार होतो. वाटलं, मीटर नाही म्हटल्यावर हिची गाडी सोडून देतील, बाकीच्यांचं काही सिद्ध होत नाही. हिच्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही."

"आलं तेव्हा का नाही बोललास?"

"बोलणार होतो. बाबाजी म्हणाले 'आपलं पाप', तेव्हाच. पण एक क्षण गेला. मग दुसरा गेला. मग वाटलं आता बोललो तर विचारतील, आधी का नाही बोललास? तेवढ्यात ती माझ्याकडे बघायला लागली, आणि मी खुर्ची मागितली." त्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. "बोटीच्या उतारावर गाडी कशी धरायची ते मीच शिकवलं तिला. काका काका करते. दिवाळीत माझा निरोप समारंभ आहे, तात्या. बाबाजी भाषणात मला सोसायटीचा आरसा म्हणतात."

"म्हणतात खरे."

"मीटर गोदामात सापडला म्हणून सांगू? पोत्यामागे? कुणाचं नाव नको."

"सांगता येईल," तात्या म्हणाले. "मीटर सुटेल. मुलगी नाही सुटणार. जन्मभर म्हणतील, घाबरून तिनेच टाकला पोत्यामागे."

ते उठले. पायजम्याची धूळ झटकली.

"मी तुला नेत नाही, हरेश्वर. कमिटी पाचला आहे. मला जे कळलंय ते मी सांगणार. पण मी सांगितलं तर ते चोर पकडणं होईल. आणखी काही व्हायचं असेल तर ते तुझ्याकडे."

६

पाच वाजता कमिटी बसली. सभासद आले, वळशाने नव्हे, चालत. हरेश्वरांची खुर्ची रिकामी होती. बाबाजींनी ठराव वाचायला घेतला, "सदर महिला कर्मचाऱ्याने स्वतःच्या गाडीचा मीटर हेतुपुरस्सर..."

"बाबाजी, थांबा जरा," तात्या उभे राहिले. "माझं ऐका आधी."

पण त्यांना बोलावं लागलं नाही. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या होत्या. हरेश्वर पायरीवर उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, हातात कापडी पिशवी. आत आले नाहीत.

"मीटर मी काढला," ते म्हणाले. "हिचा काही संबंध नाही. बोटीने जायचं आणि वळशाचे पैसे घ्यायचे, ते उघडं पडू नये म्हणून काढला. ते मी घेतले, जीवनने घेतले, तुम्हीही घेतलेत, बाबाजी. पण मीटर एकट्याने काढला."

 कमिटीचे सभासद आपापल्या नखांची पाहणी करू लागले. बाबाजींनी ठरावाचा कागद उलटा ठेवला, जणू मागच्या बाजूला दुसरा, बरा ठराव असणार होता.

स्वप्निलने घसा साफ केला. वळशाचे जादा किलोमीटर ज्याचे त्याच्या पगारात धरायचे, कर आणि व्याज भरायचं, उद्यापासून बोटीचं तिकीट आणि खरे किलोमीटर. एवढंच करायचं आहे, तो म्हणाला. एवढंच म्हटल्यावर सगळ्यांना आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आश्लेषाची नेमणूक कायम," बाबाजी घाईघाईने म्हणाले. "सर्वानुमते. आणि झालं ते आपल्यातच राहू द्या."

"माझेही पगारात धरा," आश्लेषा म्हणाली. "मीपण वळसा घेतलाय." मग ती बाबाजींकडे वळली. "पण आपल्यातच कसं राहील? मी चोर आहे हे आपल्यात राहिलं नाही. सकाळी दहाच्या आत बाजारात पोचलं. मी चोर नाही हे तिथे कोण पोचवणार?"

"कळतं गं हळूहळू लोकांना."

"कसं कळतं?"

बाबाजींनी ठरावाचा उलटा कागद पुन्हा सुलटा केला.  ती हरेश्वरांकडे बघत नव्हती. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला कुणाला दाखवायचं नव्हतं.

हरेश्वरांनी मीटरची कापडी पिशवी दारातल्या बाकावर ठेवली.

"मी पोचवतो," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरले.

बाजार भरात होता. पहिलं दुकान किराणाचं. हरेश्वर फळीसमोर उभे राहिले, दुकानदाराने सवयीने "या काका, बसा" म्हटलं, ते बसले नाहीत. "सोसायटीतला मीटर मी काढला होता," ते म्हणाले. "त्या चौलच्या आश्लेषाने नाही." दुकानदाराच्या हातातलं साखरेचं मापटं तसंच राहिलं. हरेश्वर पुढच्या दुकानात गेले. मग कापडवाल्याकडे. मग सायकलवाल्याकडे, ज्याच्या मुलाच्या मुंजीत त्यांना मानाचं पान होतं.

चौथ्या-पाचव्या दुकानापासून बातमी त्यांच्या पुढे पळू लागली. लोक दुरूनच म्हणू लागले, "कळलं हो काका, कळलं, असू द्या." चहावाल्याने तर हात धरला. "चहा घ्या आणि घरी जा. उगाच काय शोभा करून घेता?" हरेश्वरांनी हात सोडवून घेतला आणि त्यालाही पूर्ण वाक्य सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मुलीच्या नावासकट. आवाज बसला होता. शर्टाची इस्त्री कधीच मोडली होती.

तात्या आणि कुमुदताई मागे बऱ्याच अंतरावर उभे होते. तात्यांना पुढे जाऊन थांबवावंसं वाटलं. कुमुदताईंनी त्यांची बाही धरून ठेवली.

बाजाराच्या टोकाला मनुबाई बसते, मळ्यातली भाजी घेऊन. हरेश्वर तिच्यासमोर आले तेव्हा ती मेथीच्या जुड्या बांधत होती.

"व्हय, आयकलं," ती मान वर न करता म्हणाली. "सारा बाजार बोलतोय. जावा आता घरी, हरेश्वरभाव."

"सांगू दे मला."

"आयकलं म्हनलं ना."

"दुसऱ्याकडनं ऐकलंस, मनुबाई."

मनुबाईने वर पाहिलं. हातातली जुडी टोपलीत ठेवली. पदराने हात पुसले, सरळ बसली.

"सांगा," ती म्हणाली.